चार नंबरचा झेंडा

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी हिप्पळवाडीत एकाच माणसाचा धंदा जोरात होता, आणि त्यापायी तो माणूस गावात मान खाली घालून फिरत होता. मन्मथअप्पा कोरे त्यांचं नाव. गावापासून सहा किलोमीटरवर देवणी, तिथं मेन रोडला त्यांचं पाइप, नळ आणि प्लास्टिकच्या टाक्यांचं दुकान. पाणी नसलं की माणसाला आधी सुचतं ते पाणी साठवायचं भांडं. टँकर दहा दिवसांनी येणार म्हटल्यावर ज्याचं दोन घागरींत भागत होतं त्यालाही टाकी लागायला लागली. सकाळी दुकानासमोर काळ्या टाक्यांचा ट्रक रिकामा व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत त्या टाक्या पार जळकोटच्या शिवेपर्यंत पांगलेल्या असायच्या. हॉटेलात बसून लोक म्हणायचे, "अप्पा पहाटं इष्टलिंग हातावर घेऊन पाऊस नगं म्हणून मागतेत." अप्पा वरवर हसायचे, पण घरी आल्यावर त्यांना जेवण जायचं नाही. वास्तविक त्यांच्या स्वतःच्या माडीवर पाच टाक्या होत्या आणि पाचही कोरड्या ठणठणीत होत्या. ते कोण बघायला जातंय?

त्यांची बायको गुणाबाई. लग्नाला एकतीस वर्षं झालेली. एवढ्या वर्षांत अप्पांनी तिला तीनदा फिरायला न्यायचं ठरवलं होतं. पहिल्यांदा महाबळेश्वर ठरलं, तर निघायच्या सकाळी पाइपांची गाडी आली. दुसऱ्यांदा उटी ठरलं, तर भावकीत वाटणी निघाली. तिसऱ्यांदा म्हैसूर. त्या वेळी तर बस सुटायला अर्धा तास होता, आणि एका गिऱ्हाइकाची मोटर विहिरीत पडली म्हणून निरोप आला. अप्पा म्हणाले, "आलोच," आणि दोरखंड घेऊन गेले ते दुसऱ्या दिवशी आले. गुणाबाई भांडली नाही. म्हैसूरसाठी घेतलेली मरून रंगाची बॅग तिनं कपाटावर टाकली आणि तिच्यात जुनी लुगडी कोंबली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं अप्पांना आजही वाटतं. कपाटाकडं नजर गेली की त्यांचा जीव कानकोंडा व्हायचा.

अशात मार्च महिन्यात टाकीच्या कंपनीनं नांदेडला एका हॉटेलात डीलर लोकांची मीटिंग ठेवली. कंपनीचे विरूपाक्ष साहेब गुलबर्ग्याकडचे, बोलायला गोड आणि वसुलीला कडू. त्यांनी पडद्यावर एक चित्र टाकलं. नुसतं हिरवं. नजर जाईल तिथवर गवत, मधूनच पांढऱ्या वाळूचा खळगा, एका बाजूला तळं, आणि तळ्यात खरोखरचं पाणी. नांदेडात त्या दिवशी बेचाळीस डिग्री होतं. मागच्या रांगेतला कुणीतरी तेवढ्यानंच "आहाहा" म्हणाला.

"चीन," विरूपाक्ष साहेब म्हणाले. "गोल्फ रिसॉर्ट. पाच दिवस. डीलर आणि त्याची मिसेस, विमानासकट सगळं कंपनीचं. एकतीस मेपर्यंत तीनशे टाक्या ज्याच्या जातील तो आला. दोनशे नव्व्याण्णववाल्यानं मला फोन करायचा नाही. आणि तिसऱ्या दिवशी डीलरांची गोल्फची स्पर्धा हाय. प्रत्येकानं खेळायचं, फोटो कंपनीच्या कॅलेंडरात येणार."

शेजारी शिरूर अनंतपाळचे डीलर गुरुपादप्पा बसले होते. ते चार वर्षांपूर्वी अशाच स्कीममधून बँकॉकला जाऊन आले होते आणि तेव्हापासून त्यांचं कुठलंही वाक्य बँकॉकवरनं वळसा घेतल्याशिवाय संपत नव्हतं. ते अप्पांच्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, "गोल्फ म्हणजे आपल्या विटीदांडूवानी न्हाई, अप्पा. त्याला पोश्चर लागतंय. कॅलेंडरात इज्जत जाईल बघा." अप्पांना पोश्चर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण ते गुरुपादप्पांकडं आहे आणि आपल्याकडं नाही एवढं त्यांना झोंबलं.

घरी आल्यावर अप्पांनी मोबाइलमध्ये काढून आणलेले पडद्याचे फोटो गुणाबाईपुढं धरले. विमान, गवत, तळं यांच्यावरनं तिनं बोट सरकवलं. न्हाणीघराच्या फोटोवर बोट थांबलं. पांढरी फरशी, भिंतीत नळ, वर ताटाएवढा फवारा.

"हितं पाणी किती दिवसाला येतंय?"

"अगं, चोवीस तास असतंय."

"उन्हाळ्यात पन?"

"उन्हाळ्यात पन."

गुणाबाई बराच वेळ त्या नळाकडं बघत राहिली. डिसेंबरपासून ती घमेल्यात बसून दीड तांब्यात आंघोळ करत होती. घमेल्यात साचलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी म्हशीच्या गोठ्याला. टाक्यांच्या दुकानदाराची बायको! "मला ते गवत-बिवत काय नगं," ती म्हणाली. "एकदा नळ सोडून न्हायचं हाय. खाली घमेलं न ठेवता, मोजमाप न करता. एवढंच." मग ती उठली, कपाटावरची बॅग काढली, लुगडी उपसली आणि बॅग झटकली. "आता चौथी बारी हाय. ह्या टायमाला रद्द झालं तर ब्याग केवळाबाईला देऊन टाकते, आन् परत कधी मला कुठं नेतो म्हनून म्हनायचं न्हाई." केवळाबाई म्हणजे शेजारीण, आणि त्या बॅगेवर तिचा जुना डोळा होता.

अप्पांनी त्याच दिवशी मनाशी गाठ मारली. तीनशे म्हणजे तीनशे.

तयारी सुरू झाली. पासपोर्टासाठी पुण्याला दोन खेपा झाल्या. उदगीरच्या शिंप्याकडं अप्पांनी चौकड्याची पँट शिवायला टाकली. जन्मभर पांढरा पायजमा घातलेला माणूस, ती पँट घालून पहिल्यांदा ओसरीत आला तेव्हा गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. गुरुपादप्पांनी फोनवर सांगितलं, "खान्याचं आपलं आपन न्यावं. मी बँकॉकात पाच दिवस बिस्किटावर काढलो." त्यावर गुणाबाईनं चाळीस धपाटे, दोन डबे शेंगाची चटणी आणि वाटेत लागेल म्हणून वेगळे दहा धपाटे असा बेत केला. चहा-साखरसुद्धा धरली होती. चीनमध्ये चहा मिळत असेल, असं अप्पा म्हणून बघत होते, पण ती म्हणाली, "मिळंल, पन आपल्यासारका न्हाई मिळनार."

राहता राहिला गोल्फ. विरूपाक्ष साहेबांनी मोबाइलवर एक व्हिडिओ धाडला होता. अप्पांनी तो दुकानात गिऱ्हाईक नसताना तीसेक वेळा बघितला आणि सामानाला लागले. धंदा पाइपाचा, त्यामुळं काठीची अडचण नव्हती. अर्धा इंची लोखंडी पाइपाला खाली वाकडा एल्बो बसवला, वर सायकलची मूठ चढवली, झाली काठी. चेंडूचं काय करायचं? दुकानात बॉलकॉकचे प्लास्टिकचे गोळे पडले होते, टाकी भरली की तरंगून पाणी बंद करणारे. त्यातला सगळ्यात लहान गोळासुद्धा मोठ्या पेरूएवढा. म्हणून मग खड्डेही तसेच पाहिजेत. व्हिडिओत प्रत्येक खड्ड्यात एक झेंडा होता आणि झेंड्यावर आकडा. दुकानाच्या उद्घाटनाचे कंपनीचे पांढरे झेंडे माळ्यावर होतेच. अप्पांनी त्यांच्यावर मार्करनं एक ते नऊ आकडे घातले, आणि एका रविवारी दिवस उगवताना नवरा-बायको गावाबाहेरच्या गायरानात गेले. पुढं चौकड्याच्या पँटीत अप्पा, मागं खांद्यावर पाइप घेतलेली गुणाबाई.

गायरान म्हणजे नुसता तापलेला मुरूम. अप्पा पावलं मोजायचे, पहारीनं खड्डा काढायचे, झेंडा रोवायचे आणि पुढं सरकायचे. तीन खड्डे झाल्यावर ते थांबले. "व्हिडिओत खड्ड्याच्या भोवती हिरवं गवत असतंय. एक तरी तसा पायजे. न्हाईतर तिथं गेल्यावर माझा अंदाज चुकंल."

"आता हिरवं कुठनं आनू? चैत हाय," गुणाबाई म्हणाली, पण बघायला लागली. ती शेतकऱ्याची लेक, जमिनीकडं बघायची तिला सवय. ओढ्याच्या वळणावर एक जुनं उंबराचं झाड होतं. त्याच्या पायथ्याला, खाटल्याएवढ्या जागेत, हरळी हिरवी होती. सगळ्या शिवारात तेवढीच. गुणाबाईनं चप्पल काढून टाच दाबून बघितली. "हितं रोवा चार नंबर. पायाला गार लागायलंय."

पुढं महिनाभर हे रोज चाललं. अप्पा पाय फाकवून उभे राहायचे, पाइप खांद्यावरनं फिरवायचे, गोळा 'टॉक' करून कुठंतरी जायचा आणि गुणाबाई तो काटेरी बाभळीतून काढून आणायची. कधी ती म्हणायची, "लई जोरात मारायलाव. तान्ह्याला थापटल्यागत मारा." तिनं सांगितल्यासारखं मारलं की गोळा खड्ड्यात जायचा, आणि अप्पांना त्याचा मनातून रागच यायचा.

आता गाव म्हणजे गाव. ते बघितल्याशिवाय राहणार आहे होय? पहिल्या आठवड्यात लोकांनी धरलं की अप्पांना ऊन लागलंय. दुसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की झेंड्यांवर नंबर आहेत, आणि मग हॉटेलात दोन पार्ट्या पडल्या.

पहिली जिल्ह्याची पार्टी. उदगीर जिल्हा होणार, ही खबर आमच्याकडं वर्षातून दोनदा येते, कधी कुणी नेता बोलून गेला म्हणून, कधी कुणीच बोललं नाही म्हणून. त्या उन्हाळ्यात ती जरा जास्तच जोरात होती. उदगीर जिल्हा झाला की कचेऱ्यांना उदगिरात जागा पुरणार नाही, मग काही कचेऱ्या देवणीकडं सरकणार, देवणीत जागा नाही म्हणून त्या हिप्पळवाडीच्या गायरानात येणार, असा साधा सरळ हिशेब होता. नऊ झेंडे म्हणजे नऊ कचेऱ्या. एक नंबरला कलेक्टर, दोन नंबरला एसपी, पाच नंबरला आरटीओ. सात नंबरला कोर्ट येणार असं ठरल्यावर एकानं त्या झेंड्याशेजारी दगड मांडून झेरॉक्सच्या टपरीची जागा धरली. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी स्टॅम्पवाल्याचे दगड आले आणि दोघांत हद्दीवरनं मारामारी होता होता राहिली.

दुसरी पाण्याची पार्टी. तिचं म्हणणं, हातात काठी घेऊन, जमिनीकडं बघत, पावलं मोजत फिरणारा माणूस दुसरं काय करणार? तो जमिनीखालचं पाणी बघतोय. अप्पांच्या काठीचं टोक वाकडं आहे, ते पाण्यावर आलं की खाली ओढतं. मग अप्पा झटका देऊन काठी वर उचलतात, हे तर कित्येकांनी डोळ्यांनी बघितलं होतं. सरपंच आप्पासाहेब या पार्टीचे.

खरं सांगून टाकायला अप्पांना काय झालं होतं? लाज. दुसरं काही नाही. गावातल्या बाया टँकरमागं घागरी घेऊन पळतायत, आणि आपण त्यांनाच टाक्या विकून चीनला खेळायला चाललोय, त्या खेळाची तालीम करतोय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? कुणी विचारलं की ते म्हणायचे, "काय न्हाई, जरा बघून राहिलो." एवढं ऐकून दोन्ही पार्ट्या समाधानानं घरी जायच्या.

मे महिन्याच्या वीस तारखेला अप्पांच्या दोनशे ऐंशी टाक्या झाल्या. उरलेल्या वीस टाक्यांची चिंता नव्हती, कारण ग्रामपंचायतीच्या वीस टाक्या घ्यायचं तोंडी ठरलेलं होतं. टँकरचं पाणी ओतून ठेवायला गल्लोगल्ली टाक्या बसवायच्या होत्या. अप्पांनी विरूपाक्ष साहेबांना कळवूनही टाकलं. गुणाबाईनं बॅगेला नवीन कुलूप आणलं.

त्याच आठवड्यात ग्रामसभा बसली. मारुतीच्या पारावर सगळं गाव. सरपंच आप्पासाहेब उठले आणि म्हणाले, "टाक्या कशाला? टाकीत टँकरचंच पानी. त्यापरीस आपल्याच गावच्या मानसानं नऊ जागी पानी काढून ठेवलंय. तिथं बोअर घेऊ!"

गावाच्या ग्रामसेविका पंचशीलाताई. उदगीरच्या कांबळ्यांची मुलगी, नियमाला पक्की आणि हिशेबात चोख. त्यांनी वही उघडून सांगितलं, "या निधीत एकच काम बसतंय. बोअर घेतला तर टाक्या न्हाईत. टाक्या घेतल्या तर बोअर न्हाई. आणि बोअर पण एकच. काय ते ठरवा."

"बोअर!" गाव म्हणालं.

अप्पांच्या डोळ्यांपुढं मरून बॅग आली, आणि केवळाबाई. ते उठले. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "मंडळी, मी पानी बघितलेलं न्हाई. तो एक खेळ हाय. गोल्फ. पाइपानं गोळा मारायचा, खड्ड्यात घालायचा. कंपनी मला चीनला नेऊन राहिली, तिथं खेळायचंय, म्हनून शिकायलोय. झेंड्याखाली काय बी न्हाई."

आधी आप्पासाहेब हसले, आणि मग सगळं गाव हसलं.

"खरा पानाड्या असंच बोलतो," आप्पासाहेब म्हणाले. "पानी लागंस्तोवर कबूल होत न्हाई. विद्या जाती त्याची."

पंचशीलाताईंना शंका आली. "अप्पा, खेळच असंल तर नऊच खड्डे कामून?"

"अठरा बी असतेत, ताई," अप्पा प्रामाणिकपणे म्हणाले.

"म्हनजे अजून नऊ जागी पानी हाय!" मागून कुणीतरी ओरडला आणि टाळ्या पडल्या.

आता कुठल्या झेंड्याला बोअर घ्यायचा यावर गोंधळ सुरू झाला. एक नंबर मोठा म्हणून एक घ्या, नऊ आकडा शुभ म्हणून नऊ घ्या. बायकांच्या घोळक्यातनं गुणाबाई उठली. तिला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. पदर नीट करण्यात तिचा थोडा वेळ गेला. "मालक खरं बोलून राहिले, तो खेळच हाय," ती म्हणाली. "पन घ्यायचाच असंल तर चार नंबरला घ्या. उंबराखाली. बाकी आठ ठिकानी पैसा घालू नगा, तिथं नुसता मुरूम हाय."

अप्पा तिच्याकडं बघतच राहिले. घरचा उंबरठा ओलांडल्यावर म्हणाले, "कामून सांगितलीस? एखांद्या कोरड्या जागी घेऊ दिली असतीस, तर दोन दिवसांत बोअर फेल गेला असता. मग पंचायतीला कुठनं तरी टाक्या घ्याव्याच लागल्या असत्या. आपली चीन वाचली असती."

"मला बी कळतंय ते," गुणाबाई म्हणाली. "पन हिरवी हरळी डोळ्याला दिसली हाय, टाचंला गार लागलंय. म्हायती असून गप कसं बसू? केवळाबाई बी माज्यासारकीच घमेल्यात न्हाती." आणि तिनं बॅग परत कपाटावर ठेवली. लुगडी मात्र तिच्यात कोंबली नाहीत. अप्पांना तिचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की ते ओसरीत जाऊन नुसते बसून राहिले.

बोअरची गाडी आली. सगळं गाव उंबराखाली. जिल्ह्याच्या पार्टीचे लोकही आले होते. कलेक्टर कचेरीला आधी पाणी लागणारच, असं त्यांनी आपापसात मिटवून घेतलं होतं. दीडशे फुटांपर्यंत पांढरा धुरळा. दोनशेला काळा धुरळा. लोक अप्पांकडं बघायला लागले आणि अप्पा उंबराकडं. दोनशे तीसला धुरळा बसला, चिखलाचा गोळा बाहेर पडला, आणि मग भसकन पाणी आलं. आप्पासाहेबांनी अप्पांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. बायकांनी मात्र गुणाबाईला ओढत नेऊन त्या पाण्याखाली उभं केलं, पण मशीनवाल्यानं पाइप बदलायला ते लगेच बंद केलं. तिचा एक खांदा तेवढा भिजला.

गावाला पाणी मिळालं आणि अप्पांच्या टाक्या दोनशे ऐंशीवर थांबल्या. सत्तावीस तारीख, अठ्ठावीस, एकोणतीस. शिरूर अनंतपाळहून गुरुपादप्पांचा फोन आला, "माझ्या तीनशे झाल्या. बँकॉकच्या टायमाला बी असंच..." अप्पांनी फोन ठेवून दिला.

पण बोअरला मोटर बसली आणि एक नवीच पंचाईत झाली. लाइट यायची दिवसातून सहा तास, ती पण तिच्या मर्जीनं. लाइट आहे तोवर पाणी. गेली की सगळं गाव उंबराखाली घागरी घेऊन बसलेलं. तिसऱ्या दिवशी केवळाबाई पुढं झाली आणि तीस-चाळीस बायका घेऊन पंचायतीत घुसली. "पानी आलंय तर ते ठिवायचं कुठं, आप्पासाहेब? तुमच्या टोपीत? गल्लीगल्लीला टाकी बसवा, न्हाईतर आमी हितनं हलत न्हाई!" पंचशीलाताईंनी वह्या उलट्यापालट्या केल्या, तालुक्याला दोन फोन केले, आणि दुसऱ्या एका निधीत टाक्या बसतात असं त्यांना सापडलं. एकतीस तारखेला दुपारी चार वाजता त्या स्वतः दुकानात आल्या आणि वीस टाक्यांची ऑर्डर अप्पांच्या हातात दिली. "अप्पा," त्या म्हणाल्या, "ते गोल्फ खरंच खेळ हाय का?"

"खरंच, ताई."

"मग जिंकून या," पंचशीलाताई म्हणाल्या.

जूनमध्ये ते चीनला पोचले. चित्रात होतं तसंच सगळं होतं. हिरव्यागार मैदानावर भर दुपारी फवारे उडत होते. सगळे डीलर त्यांच्यापुढं उभे राहून फोटो काढत होते आणि गुणाबाई तेवढी हे कोण बंद करतं म्हणून इकडंतिकडं बघत होती. खोलीतलं न्हाणीघर अप्पांच्या दुकानाएवढं निघालं. तिनं धपाट्यांची पिशवी टेबलावर ठेवली, टॉवेल घेतला आणि म्हणाली, "आता मला हाक मारू नगा."

अप्पा पलंगाच्या कडेला बसले. आत पाणी सुरू झाल्याचा आवाज आला. लगेच बंद झाला. परत सुरू झाला, परत बंद.

"काय झालं गं? वायसर गेलं का?"

"न्हाई. नळ चांगला हाय."

पाच मिनिटांत ती बाहेर आली. केस कोरडेच होते. तिच्या हातात हॉटेलवाल्यानं बर्फासाठी ठेवलेली छोटी स्टीलची बादली होती. "ह्यात भरून न्हाले," ती म्हणाली. "हात ऱ्हात न्हाई वो. पानी खाली जायला लागलं की हात आपोआप नळावर जातो." महाबळेश्वर, उटी, म्हैसूर तिन्ही रद्द झाली तेव्हा ती रडली नव्हती. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्या लांब आले, आन् मला न्हाता येईना."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा. अप्पांनी चौकड्याची पँट घातली, पांढरी टोपी घातली. गुरुपादप्पा बाहेर पोश्चर करून दाखवत होते. अप्पा दारापर्यंत गेले. आतून नळाचा आवाज आला, सुरू, बंद, सुरू, बंद. ते मागं फिरले. न्हाणीघराचं दार ढकलून आत गेले, भिंतीकडं तोंड केलं, ताटाएवढा फवारा पूर्ण सोडला आणि नळाची मूठ दोन्ही हातांनी गच्च धरली.

"न्हा तू. मी धरतो."

"आवो, पानी चाललंय सगळं!"

"चालू दे. मी सोडत न्हाई."

चौकड्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. मागं बांगड्या वाजल्या, मग केसांना शिकेकाई लावल्याचा वास आला, मग केस धुतल्याचा, आणि परत एकदा धुतल्याचा आवाज आला. अप्पा भिंतीच्या फरशीकडं बघत उभे राहिले. एकतीस वर्षांत त्यांनी तिच्यासाठी कधी एवढा वेळ कुठलंही काम केलं नव्हतं, असं त्यांना वाटलं.

बाहेरच्या दारावर विरूपाक्ष साहेब थापा मारत होते. "अप्पा! अवो अप्पा! मैदानावर तुमचा नंबर आला!"

"पुढच्याला घ्या, साहेब," अप्पा आतून ओरडले. "मी नळ धरून राहिलो."